इंदुबाईंचं नाक आणि बिनवासाचा गॅस

ह्या हकिकतीतला उन्हाळा मी थोडा वाढवून सांगणार आहे, हे आधीच कबूल करतो. बाकी सगळं घडलं तसं. उन्हाळ्याचं म्हणाल तर २०४३ साली आमच्या रावेरला असा तापला, की बागेतल्या केळीच्या घडांचे झाडावरच वेफर झाले. आम्ही नुसतं मीठ भुरभुरवायचो आणि खायचो. एका पाहुण्याला हे पटेना. त्याला म्हटलं, चल, दुपारी दोन वाजता बागेत दाखवतो. तो आला नाही. म्हणजे पटलंच की.

मी नथ्थू वारके. अडतीस वर्षं विजेच्या खात्यात लाइनमन होतो. गाव मला नथ्थू वायरमन म्हणतं, आणि आता अठ्ठ्याहत्तर वय झाल्यामुळे पुढे 'आबा' लावतं. आमच्या कॉलनीत चाळीस घरं. त्या घरांपुढच्या एकूण एक खांबावर मी चढलेला आहे. माझ्या दारातल्या सत्तेचाळीस नंबरच्या खांबाशी तर मी सकाळी दोन शब्द बोलतोसुद्धा. त्यामुळे कॉलनीतले खांब काढायचे अशी बोलणी सुरू झाली, तेव्हा कुणीतरी माझीच दाढ उपटायला पक्कड घेऊन आल्यासारखं मला वाटलं.

पक्कड घेऊन आली होती सानिका. माझ्या शेजारीण इंदुबाई फेगडे, त्यांची ही सून. माहेर सांगलीचं, शिक्षण इंजिनिअरचं, नोकरी घरगुती फ्युएल सेल बसवणाऱ्या एका कंपनीत. इंदुबाईंचा मुलगा उमेश केळी पिकवायच्या गोदामात. घरात माणसं तीन, पण आवाज दोघींचाच. सासू-सून सकाळी चहाच्या साखरेवरून सुरू व्हायच्या आणि दिवेलागणीला दूध कुणी तापवायचं ह्यावर येऊन थांबायच्या. मला रेडिओ लावायची गरज पडली नाही.

आता इंदुबाईंच्या नाकाबद्दल सांगितलंच पाहिजे. असं नाक तालुक्यात दुसरं नव्हतं. बंद डब्यातलं पीठ किती दिवसांचं ते त्या झाकणावरून सांगत. लग्नाच्या पंगतीत शिरायच्या आधीच त्यांना कळायचं की आचाऱ्यानं जिऱ्यात काटकसर केली आहे. बारा वर्षांपूर्वी चार घरं सोडून कुणाच्या तरी सिलिंडरचा गॅस गळत होता. दुपारची वेळ. बाई कणकेच्या हातानं धावत सुटल्या आणि त्यांनी आजूबाजूच्या चार घरांतली माणसं बाहेर काढली. त्यात एका घरात मी गाढ झोपलो होतो, म्हणून मला सगळं लख्ख आठवतं. गाढ झोपलेल्या माणसाला कसं आठवेल, असले प्रश्न विचारू नका.

तर अशा नाकाच्या घरात सानिकानं आणून बसवला हायड्रोजन. ज्याला वासच नसतो.

*

यंत्र बसलं त्या दिवशी मी कठड्यावरून वाकून बघत होतो. सानिकानं मला आत बोलावलं.

"या आबा. तुमच्या खांबाचा वारसदार बघून घ्या."

"वारसदार मयताला बोलावत नसतो," मी म्हणालो, पण गेलो.

तिनं जे समजावलं ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो. गच्चीवर सोलर पॅनल. दिवसाची जास्तीची वीज पाण्यातून सोडायची, की पाण्याचे दोन भाग होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. ऑक्सिजन हवेत सोडून द्यायचा, हायड्रोजन साठवायचा. साठवायला कमरेएवढ्या दोन टाक्या. पण त्यात गॅस मोकळा कोंडलेला नसतो. आत धातूची पूड असते. स्पंज पाणी पितो तशी ती पूड हायड्रोजन पिते आणि थोडी ऊब दिली की पुन्हा सोडते.

"मग साधी बॅटरी काय वाईट?" मी विचारलं.

"एका रात्रीपुरती उत्तम. पण श्रावणात आठ दिवस ऊन पडलं नाही तर? आणि तुमच्या रावेरच्या मे महिन्यात बॅटरीचा जीव किती?"

माझी टॉर्चसुद्धा मे महिन्यात दम टाकते, हे मला कबूल करावं लागलं.

मग आला खरा कारागीर, फ्युएल सेल. पापडाएवढा पातळ पडदा, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमची बारीक भुकटी. एका अंगानं हायड्रोजन येतो, दुसऱ्या अंगानं हवा. हायड्रोजनच्या कणाला पलीकडच्या ऑक्सिजनला भेटायचं असतं. पण पडदा म्हणतो, देवळात यायचं तर चपला बाहेर. ह्या चपला म्हणजे इलेक्ट्रॉन. हायड्रोजन बिचारा चपला काढून पडद्यातून पलीकडे जातो. चपला मात्र तारेतून लांबच्या वाटेनं वळसा घालून मागच्या दाराशी पोचतात, आणि जाता जाता तुमचा पंखा, फ्रिज, कूलर फिरवून जातात. पलीकडे सगळे भेटले की त्यांचं पाणी होतं. ना धूर, ना राख, ना आवाज. एका पापडातून पुरा एक व्होल्टही निघत नाही, म्हणून चाळीस पापडांची चळत रचलेली. वर थोडं गरम पाणी फुकट. मे महिन्यात रावेरला ते नळालाच येतं, पण मी पाहुणचार म्हणून मान डोलावली.

इंदुबाई दारात उभ्या राहून हुंगत होत्या.

"वास कसा नाई व याले?"

"नसतोच, आई. हायड्रोजनला ना रंग, ना वास."

"सिलिंडरले होता."

"तो वरून घातलेला असतो, गळती कळावी म्हणून. ह्यात घालता येत नाही, यंत्राला सोसत नाही. म्हणून हा सेन्सर लावलाय. जरा गळलं की बोंब मारेल आणि झडप आपोआप बंद होईल."

इंदुबाईंनी भिंतीवरच्या त्या सेन्सरकडे, काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डबीकडे बघितलं. नव्यानं आलेल्या जावेकडे बघावं तसं.

टाकीतून एक नळी स्वयंपाकघरातल्या शेगडीलाही गेली होती. पहिल्याच दिवशी तिथे घोटाळा झाला. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. इंदुबाईंनी तीन वेळा बटण दाबलं आणि "पेटत नाई मेली" म्हणून तवा ठेवला. क्षणात तवा तापून धूर सोडायला लागला.

"हे भूत हाये," त्या म्हणाल्या, आणि लगेच मीठ-मोहऱ्या घेऊन त्यांनी शेगडीची दृष्ट काढली. तीनदा उतरवून मूठ बर्नरवर टाकली, आणि भस्सकन पिवळीजर्द ज्योत उभी राहिली! मोहऱ्या तडतडल्या, बाई दोन पावलं मागे आल्या आणि मग हसल्या.

"दिसली! सानिका, दिसली व!"

सानिका धावत आली, बघून टाळ्या पिटायला लागली. "आई, मिठातल्या सोडियमनं रंग दिला! आमच्या लॅबमध्ये हेच करतात! तुम्हाला कुणी शिकवलं?"

तेव्हापासून बर्नरवर खारवलेली तारेची जाळी बसली, कंपनीच्या कागदावर नसलेली. सुनेनं सासूचं इतकं मोकळं कौतुक केल्याचा तो कॉलनीतला पहिला प्रसंग. इंदुबाई आठ दिवस ते सांगत फिरल्या. घोटाळ्याचं मूळ खरं तर तिथेच आहे. मिठानं रंग दिला. आता राहिला वास.

*

ह्या यंत्राचा निकाल आखाजीच्या दुसऱ्या दिवशी लागायचा होता. कंपनीचा साहेब येणार, पूर्ण भारावर तासभर चालवून बघणार. यंत्र पास झालं की कॉलनीतल्या चाळीसही घरांत बसायचं, आणि दुरुस्तीचं केंद्र रावेरलाच निघायचं, सानिका त्याची प्रमुख. नापास झालं तर सानिकाची बदली पनवेलला. तसं पत्र आलेलंच होतं. ती गेली की उमेशही जाणार, आणि इंदुबाई त्या तीन खोल्यांत एकट्या भांडणार.

गल्लीत सगळे म्हणायचे, सासूला हेच पाहिजे. मला तसं वाटत नव्हतं. सून दोन दिवस माहेरी गेली, की इंदुबाई माझ्याशी भांडायला यायच्या, आणि त्यात त्यांचं मन नसायचं.

सानिकानं सासूला यंत्रातलं एक काम मुद्दाम दिलं होतं. टाकीतून येणारा हायड्रोजन कोरडा असतो. पडदा तर ओला राहायला हवा, नाहीतर आमच्या उन्हात तो पापडासारखा कडक होऊन तडकेल. म्हणून मधे एक स्टीलची बाटली होती. गॅस तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडत जायचा आणि ओला होऊन सेलमध्ये शिरायचा. रोज सकाळी झडप बंद करून, झाकण उघडून बाटलीत शुद्ध पाणी भरायचं. हे काम इंदुबाईंचं. त्या ते देवाला पाणी घालावं तितक्या मनापासून करत.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशातल्या लेकीबाळींचा सण. सासरी गेलेल्या सगळ्या पोरी माहेरी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात आणि गाणी म्हणून गल्ली डोक्यावर घेतात. त्या वर्षी माझ्या अंगणातल्या लिंबाला झोका होता. सकाळी मी दोर ओढून बघत होतो, तेवढ्यात सानिका भिंतीवरून डोकावली. चेहरा उतरलेला.

"आबा, जरा येता? तीन-चार दिवस व्होल्टेज घसरतंय. आज तर निम्म्यावर आलं. उद्या साहेब येणार."

"तुझ्या कंपनीला विचार."

"विचारलं. सणाची सुट्टी आहे. माणूस परवा पाठवतो म्हणाले. परवा येऊन काय करणार, माझं सामान बांधणार?"

मी माझी पक्कड घेऊन गेलो. पोरीनं पॅनल तपासलं होतं, टाकी तपासली होती, हवेची जाळी धुतली होती. सगळं ठीक. चळतीतला प्रत्येक पापड मात्र मरगळलेला.

"विषबाधेसारखं दिसतंय," ती पुटपुटली. "गंधक गेलं की असं होतं. पण आपल्या गॅसमध्ये गंधक येणार कुठून? पाण्यापासून केलेला गॅस आहे."

"नळी सोडून बघू," मी म्हणालो.

तिनं झडप बंद केली, दारं-खिडक्या उघडल्या. मी बाटलीतून सेलकडे जाणाऱ्या नळीचा नट सैल केला. फुस्स झालं. आणि माझ्या नाकात जे शिरलं, त्यानं मला थेट भातावरचं वरण आठवलं.

"हिंग," मी म्हणालो.

"आबा, आत्ता चेष्टा नको."

"पोरी, अडतीस वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्यांसमोर खांबावर लटकलोय मी. दुपारी बाराचा वास मला शिकवू नको. हा हिंग आहे. आणि भारीतला आहे."

तिनं वाकून वास घेतला. मग आम्ही दोघांनी सावकाश वळून बघितलं. दारात इंदुबाई. पदर तोंडाशी.

"खडा हाये," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "बऱ्हाणपूरचा. अजिबात भेसळ नाई त्यात."

"कधीपासून?" सानिकानं विचारलं.

"गुरुवारपासून. सुरुवातीला हरभऱ्याएवढा. बाटलीत."

सानिका होती तिथेच फरशीवर बसली. "आई... अहो, का?"

"त्याले वास नाई व! तुही डबी बोंबलते म्हणे. अन् नाई बोंबलली तं? तिची बॅटरी संपली तं? तू सांगितलं, सिलिंडरचा वास यंत्राले सोसत नाई. तो मेला केमिकलचा. हिंग तं तान्ह्या लेकराच्या पोटाले लावतात. म्हटलं, मिठानं रंग आला, हिंगानं वास येईल. गळलं तं मले कळेल." त्यांनी बाटलीकडे बोट दाखवलं. "गळलंच नाई, म्हणून वास बी नाई आला. म्हणून म्या रोज थोडा वाढवला."

मला हसू येत होतं, पण इंदुबाईंचा चेहरा बघून मी पक्कड पुसायला लागलो.

"लोक म्हणतील, सुनेले घालवायसाठी केलं," त्या म्हणाल्या. "तुले बी तसंच वाटीन. पण म्या मुद्दाम नाई केलं, सानिका."

सानिका फरशीवरून उठली. मग म्हणाली, "आई, मुद्दाम करायचं असतं तर तुम्ही भेसळीचा घातला असता. बऱ्हाणपूरचा खडा वाया घालवला नसता."

इंदुबाईंनी पदरानं डोळे पुसले. "एवढं कळते तं चहात साखर कमी कसाले घालते?"

मला जरा हायसं वाटलं. रेडिओ पुन्हा सुरू झाला होता.

*

विषबाधा म्हणजे काय, तेही सांगतो. प्लॅटिनमचे कण म्हणजे एसटीतल्या जागा समजा. हायड्रोजन येतो, बसतो, चपला काढतो, पुढे जातो, जागा रिकामी. गंधक मात्र खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि उठतच नाही. हिंगात गंधक ठासून भरलेलं. त्याचा तो घमघमाट गंधकाचाच. सिलिंडरच्या वासातही तेच. चार दिवसांत हिंगानं सगळी एसटी अडवली होती.

"ह्या रुमालवाल्यांना उठवायचं कसं?" मी विचारलं.

"लॅबमध्ये करतात. आधी बाटली घासून हिंगाचं पाणी काढायचं, लाइन नायट्रोजननं धुवायची. मग चळतीला बाहेरून वीज द्यायची. व्होल्टेज शून्यापासून हळूहळू अठ्ठेचाळीसपर्यंत चढवायचं, हळूहळू उतरवायचं. पुन्हा चढवायचं. वरच्या टोकाला गंधक ऑक्सिजन पकडतं, पाण्यात विरघळतं आणि वाहून जातं. अशा दोनअडीचशे फेऱ्या." तिनं कपाळाला हात लावला. "पण आपल्या यंत्रातला तो प्रोग्राम कंपनीच्या कुलपात आहे. आणि असं हातानं व्होल्टेज चढवायचं-उतरवायचं साधन आता कुणाकडे असतंय?"

मी उठलो. माझा आवाज जरा चढलाच असेल. "नथ्थू वायरमनकडे असतंय."

माझ्या माळ्यावर माझा डिमरस्टॅट होता, १९९६ सालचा. तांब्याच्या तारेचं वेटोळं, वर काळी मूठ. मूठ फिरवली की व्होल्टेज शून्यापासून हवं तिथपर्यंत चढतं. सोबत एसीचा डीसी करणारा डबा. वजन इतकं, की तो खाली आणताना शिडीनं माझी माफी मागितली. आणि त्याला वीज कुठून दिली माहीत आहे? माझ्या सत्तेचाळीस नंबरच्या खांबावरून. वारसदाराच्या तोंडात अखेर त्या म्हाताऱ्यानंच पाणी घातलं.

बाटली घासून, लाइन धुऊन दुपारी तीनला बसलो. सानिकाचा डोळा मीटरवर, माझा हात मुठीवर. एक फेरी तीस सेकंदांची, चढणं-उतरणं एकसारखं हवं. घाईनं अठ्ठेचाळीसच्या वर गेलं तर पडद्याची राखरांगोळी. तिनं फोनवर टिकटिक लावली, पण बाहेर झोक्यावर बायकांनी असा सूर लावला होता, की मला टिकटिक काय, स्वतःचा श्वासही ऐकू येईना. दोनदा मी चुकलो. दुसऱ्यांदा काटा पन्नासला टेकून आला. सानिका किंचाळली.

"त्यांना गप्प करा कुणीतरी!"

"कसाले गप्प करायच्या?" इंदुबाई इतका वेळ कोपऱ्यात बसून होत्या, त्या उठल्या. "नथ्थूभाऊ, तुमच्या लिंबाचा दोर केवढा?"

"वीस फूट."

"मंग एका झोक्याले किती वेळ लागते?"

सानिकानं खिडकीतून मोजलं. जाऊन परत यायला पाच सेकंद. पुन्हा मोजलं. पाच. झोक्यावर आधी एक काटकुळी पोर होती, नंतर तिची धिप्पाड मावशी बसली. तरी पाच.

"लंबक!" सानिका ओरडली. "कोणी का बसेना, दोर तेवढा तर वेळ तेवढाच! आबा, तीन झोके वर, तीन झोके खाली!"

"अन् गाण्याचा ठेका झोक्यावर राहील, हे मी बघते," असं म्हणून इंदुबाई बाहेर पडल्या. गुडघ्यांमुळे वीस वर्षांत त्या झोक्यावर बसल्या नव्हत्या. त्या जाऊन बसल्या, आणि त्यांनी असा आवाज काढला की लिंबावरचे कावळे शेजारच्या गल्लीत राहायला गेले.

*खांबावर चढला, पक्कड विसरला,*
*नथ्थू वायरमन गं, तसाच उतरला!*

तीन झोके वर. तीन झोके खाली. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला त्या गाण्यांत. माझी मिशी, माझं घोरणं, माझ्या लग्नात फाटलेलं धोतर, सगळं. ज्यांना प्रकार कळला त्या लेकीबाळी एकेक करून येऊन मिळाल्या. एक थकली की दुसरी ओळ उचलायची. सेहेचाळीस डिग्रीत दोन तास इंदुबाई झोक्यावरून उतरल्या नाहीत. मी मूठ फिरवत होतो, आणि सानिका दर पन्नास फेऱ्यांनी आकडा सांगत होती. पाच वाजून गेले तेव्हा तिनं हात वर केला.

"बस्स! दोनशे चाळीस!"

पुन्हा शुद्ध पाणी फिरवलं, लाइन धुतली, हायड्रोजन सोडला. मीटरचा काटा हलला. वीस. चोवीस. सव्वीस. नेहमीच्या अठ्ठावीसला येऊन तो ऐटीत उभा राहिला. सानिकानं मला मिठी मारली, मग धावत बाहेर गेली आणि तिनं चालता झोका धरून थांबवला. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम खिडकीजवळ गेलो होतो, तरी.

*

दुसऱ्या दिवशी दहाला साहेब आले. सलीम तडवी त्यांचं नाव, मूळचे पालच्या डोंगराकडचे, म्हणजे इकडचेच. पंप, दोन कूलर, फ्रिज, मिक्सर, सगळं एकदम सुरू केलं. चाळीस घरांची माणसं अंगणात उभी. साठ मिनिटं काटा अठ्ठावीसवर बसून राहिला, जणू त्याला फेविकॉल लावलाय.

"उत्तम," साहेब म्हणाले आणि यंत्रातली मागची नोंद चाळू लागले. "पण गुरुवारपासून कालपर्यंत घसरण दिसतेय. निम्म्याच्या खाली. आणि काल संध्याकाळी एकदम पूर्ववत. कशामुळे?"

सानिका पटकन म्हणाली, "ऊन फार होतं सर. तापमानामुळे..."

"हिंगामुळे," मागून इंदुबाई म्हणाल्या.

सानिकानं डोळे मिटले.

"म्या घातला. सुनेचा काई दोष नाई. तिनं तं रात्रीचं जेवण सोडून यंत्र उभं केलं." जेवण कुणीच सोडलं नव्हतं, चांगल्या पुरणपोळ्या हाणल्या होत्या, पण मी मधे बोललो नाही. वाढवून सांगण्याचा हक्क एकट्या माझा थोडाच आहे? "खोटं लिहू नका. पनवेलले पाठवायचं तं मले पाठवा."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मीठ, हिंग, डिमरस्टॅट, झोका. मधेच त्यांनी चष्मा काढून पुसला. हसू लपवत होते की काय, सांगता येत नाही. मग विचारलं, "हिंग कोणता?"

"बऱ्हाणपूरचा खडा."

"तरीच," ते म्हणाले. "पुडीतला असता तर यंत्राला शिंकसुद्धा आली नसती."

मग ते सानिकाकडे वळले. "असं बघा. चाळीस घरांत चाळीस यंत्रं बसणार. प्रत्येक घरात कुणीतरी काहीतरी घालणारच. आमच्या पुस्तकात हे कुठेच नाही. विष कसं होतं आणि उतरतं कसं, दोन्ही करून बघितलेली माणसं आत्ता फक्त ह्याच गल्लीत आहेत. केंद्र इथेच निघेल."

जल्लोष झाला. पण इंदुबाई हलल्या नाहीत.

"साहेब, माझं म्हणणं राह्यलंच. वासाचं काय?"

ह्यावर तासभर अंगणात परिषद झाली. सेलकडच्या नळीत काहीही घालायचं नाही, हे ठरलं. पण शेगडीची नळी वेगळी करता येते. मधे एकच दिशा मानणारी झडप टाकली, की शेगडीकडचा वास सेलकडे परतत नाही; आणि शेगडीत वास जळूनच जातो. प्रश्न एवढाच, की वास कोणता? कुणीतरी म्हणालं, पिकल्या केळ्याचा. माझ्या खांबानंही नाही म्हणून मान हलवली असेल. रावेरात केळ्याच्या वासानं सावध व्हायचं तर माणूस चोवीस तास रस्त्यावर पळत राहील. उदबत्तीचा? देवपूजेलाच धावपळ होईल. शेवटी सगळे फिरून हिंगावरच आले. पण मग बाराच्या फोडणीला गळती कुठली आणि वरण कुठलं, हे कळणार कसं?

"मी वरणात घालणं सोडते," इंदुबाई म्हणाल्या.

ज्यांनी त्यांच्या हातचं वरण खाल्लं आहे त्यांनाच ह्या वाक्याचं वजन कळेल. मी तर खालीच बसलो.

त्यांनी सोडला, म्हणून मग सगळ्या कॉलनीनं सोडला. चाळीस घरांच्या शेगड्यांना हिंगाच्या बाटल्या लागल्या आणि चाळीस वरणांतून हिंग गेला. बाटल्यांत हिंग घालायचं काम इंदुबाईंचं, आणि हिंगाच्या डब्याची किल्ली त्यांच्याच कमरेला. त्यानंतर सहा वर्षांत दोनदा गळती झाली. दोन्ही वेळा पांढऱ्या डबीनं बोंब मारली, पण दोन्ही वेळा इंदुबाई तिच्या आधी दारात उभ्या होत्या. डबीला त्या आता "धाकटी" म्हणतात. बाकीचे खांब गेले. सत्तेचाळीस नंबरचा तेवढा सानिकानं अर्ज करून ठेवून घेतला, केंद्राची पाटी लावायला.

वर्षातून एक दिवस मात्र सूट असते. आखाजीला सकाळी अकरा वाजता सानिका सगळ्या शेगड्यांच्या झडपा बंद करते. फ्युएल सेलच्या विजेवर इंडक्शन सुरू होतात, आणि दोन तास कॉलनीत हिंगाची मुभा. त्या दिवशी तडवी साहेबांचीही तपासणी नेमकी असते, अकरा ते एक.

यंदाच्या आखाजीला मी ताटावर बसलो. सानिकानं वरण वाढलं आणि विचारलं, "ओळखा आबा, कुठला?"

मी डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला आणि छातीठोक सांगितलं, "बऱ्हाणपूरचा."

"खोटारडा माणूस," इंदुबाई आतून ओरडल्या.

सानिकानं पातेल्यावर वाकून वास घेतला. "आई, ह्या वर्षी जळगावहून आणला ना? आणि तुपात जरा उशिरा टाकलाय."

आतल्या पळीचा आवाज थांबला. इंदुबाई दारात आल्या, सुनेकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि कमरेची हिंगाच्या डब्याची किल्ली काढून पातेल्याशेजारी ठेवली.

"उद्यापासून बाटलीत तू घाल," त्या म्हणाल्या. "अन् चहात साखर थोडी वाढव."